तीस फुटांचा पट्टा

लेकीच्या बाळंतपणाला म्हणून सोयराबाई बेंगळुरात बसवनगुडीला आली, त्याला आठवडा झाला होता. नात जन्मून चार दिवस. १९५८ सालचा मार्च महिना. सकाळी नऊलाच मागल्या अंगणातल्या फरशीचे चटके बसायला लागत. ती पाटावर बसून, पाय लांब करून, पायांवर बाळाला पालथं घेऊन न्हाऊ घालत होती, तेवढ्यात तिचा धाकटा दीर विठोजी मागल्या दारात येऊन उभा राहिला. धोतरावर काजळीचे डाग, आणि भुवया जळून गेलेल्या.

सोयराबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला नाही. "बोल," ती म्हणाली.

"वैनी, घर गेलं. आपलंच नाही, सगळ्यांची गेली. डोंगरावरून वणवा उतरला."

"माणसं?"

"माणसं सगळी जत्रेला गेलेली. बैल गाड्यांना जुंपलेले, बाकीची जनावरं तळ्यावर. कुणाच्या जिवाला काही नाही. आम्ही धूर बघून पळत आलो, पण पोचेपर्यंत..."

तिनं उरलेलं पाणी बाळाच्या पाठीवर सावकाश ओतलं, बाळाला पंच्यात गुंडाळलं, आत नेऊन लेकीच्या, भाग्यलक्ष्मीच्या कुशीत ठेवलं. मग बाहेर येऊन ती पायरीवर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली.

बन्नेरघट्टाच्या डोंगराच्या पायथ्याशी मराठपाळ्य नावाची सात घरांची वस्ती होती. शहाजीराजांच्या फौजेबरोबर आलेली ही माणसं तीनशे वर्षांत तिथलीच झाली होती. घरात बोलत मराठी, पण तिच्यात निम्मी कन्नड मिसळलेली. घरं मातीची, वर डोंगरातल्या गवताचं छप्पर. सोयराबाईचा नवरा येसाजी हिवतापानं गेला तेव्हा भाग्यलक्ष्मी तीन वर्षांची होती. त्यानंतर अठरा वर्षं त्या घरात दिव्याची वात चुकली नव्हती. येसाजीनं स्वतः तासलेली दाराची चौकट होती, त्याचा फेटा पेटीत होता, आणि भागूचा पाळणाही. तोच ती बारशाला घेऊन येणार होती.

"मी तिथं असते तर," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. "निदान पेटी तरी ओढली असती रे."

विठोजी म्हणाला, "तू असतीस तर पेटीसाठी आत गेली असतीस, वैनी. तू नव्हतीस तेच बरं झालं."

संध्याकाळी जावई कामावरून आला. उपेंद्र मूळचा साताऱ्याचा, सरकारी कारखान्यात इंजिनियर. मोजकं बोलायचा, पण मनानं चांगला. सगळं ऐकून तो सासूसमोर येऊन खाली बसला.

"मामी, आता तिकडं परत जायचं नाव काढू नका. इथंच राहा. खोली आहे, नात आहे. तुम्हाला काय कमी पडणार?"

"काही कमी पडणार नाही, जावईबापू. पण मी उद्या जाते."

"जाऊन करणार काय? तिथं राख आहे नुसती."

"राख तरी बघून येते."

भाग्यलक्ष्मी आतून म्हणाली, "तिला जाऊ द्या. ती इथं बसली तर झुरून मरेल." आणि शेजारच्या राजलक्ष्मीअम्मांनी कुंपणावरूनच कन्नडमध्ये निकाल दिला, "बाळाला न्हाऊ घालायला मी आहे, सोयराक्का. तुम्ही होऊन या."

दुसऱ्या दिवशी पहाटे कलासीपाळ्याहून होसूरकडे जाणारी बस पकडून ती आणि विठोजी बोम्मसंद्र्याला उतरली आणि तिथून शेतांतून तीन कोस चालली. शेवटचा चढ चढल्यावर सोयराबाईचे पाय थबकले. मराठपाळ्याच्या जागी भाजलेल्या भिंतींचे सात चौकोन उभे होते. डोंगर माथ्यापासून पायथ्यापर्यंत काळा पडला होता. तिच्या घराच्या दाराशी चौकट नव्हती. तिथं हातभर कोळसा होता. तिनं तो उचलून पाहिला आणि परत खाली ठेवला.

माणसं करंजाच्या झाडाखाली बसली होती. दोन दिवस बाजूच्या गावातून येईल ते मुद्दे-सांबार, म्हणजे नाचणीचे गोळे आणि आमटी, खाऊन राहिलेली. वस्तीतले वडीलधारे खंडोजीअण्णा तिला बघून उठले.

"बरं झालं आलीस, अक्का. सगळ्यांना एकदमच सांगतो. मी म्हणतो, आता पाळ्य सोडायचं. बेंगळुरात नवे कारखाने निघालेत. हातापायानं धड असलेल्याला काम मिळतं. इथं काय राहिलंय? आज गवताची घरं गेली. उद्या बांधू ती जातील. वणवा काय, दरवर्षी येणार."

एकेकानं मान हलवली. सोयराबाईला वाटलं, अण्णांचं खोटं नाही. काल जावईही हेच म्हणत होता. पण तिचं लक्ष आपल्या अंगणाकडं गेलं. तुळशीवृंदावनाच्या मागं, जिथं तिच्या सासऱ्यांनी धान्य साठवायला पेव खणलं होतं, तिथली माती वरून भाजली होती, पण खचली नव्हती.

"विठू, कुदळ आण," ती म्हणाली.

"कशाला, वैनी?"

"आण तर खरं."

पेवाच्या तोंडावरची माती दूर केली, दगडी झाकण चौघांनी मिळून सरकवलं. आतून उबट, कोंदट वास आला. तिनं कुणाला लगेच उतरू दिलं नाही. आतली हवा बाहेर यायला तासभर लागला. मग कंदील दोरीनं खाली सोडून बघितला. तो विझला नाही, तेव्हाच विठोजी उतरला. खालून त्याचा आवाज घुमत आला, "वैनी! रागी आहे तशी आहे! एक दाणा करपलेला नाही!"

त्यानं वर दिलेलं पहिलं सूप तिनं हातात धरलं. लालसर, टपोरी, कोरडी रागी, म्हणजे नाचणी. येसाजी असतानाच्या सुगीत भरलेली, त्यावर दरवर्षी तिनं थोडी थोडी वाढवलेली. घर जळताना ती बिचारी आठ हात खाली शांत पडून होती.

"अण्णा," ती म्हणाली, "आपण साती घरची मिळून तीस-पस्तीस माणसं. पाऊस पडून नवी रागी येईपर्यंत ही पुरेल. एकच चूल मांडायची, माझ्या अंगणात. ज्याला शहरात जायचं त्यानं पोट भरून जावं. मी इथंच घर बांधणार."

"आणि पुढल्या साली वणवा आला तर?"

"येऊ दे की. पुढल्या साली मी पण असेन."

खंडोजीअण्णांनी अंगरख्याच्या बाह्या वर सारल्या आणि ते चुलीसाठी दगड हुडकायला लागले.

त्या रविवारी उपेंद्र सायकल मारत आला. सासूला समजावून परत न्यायचं, असं ठरवून आला होता. येऊन बघतो तर बायका चिखल तुडवताहेत, पुरुष भिंती लिंपताहेत, आणि सोयराबाई कमरेला पदर खोचून सगळ्यांना कामाला लावतेय. तो तसाच डोंगराकडं गेला. दोन तास एकटाच फिरला. खाली आला तेव्हा त्याच्या पँटीचे पाय काळे झाले होते, आणि समजावायचं तो विसरून गेला होता.

"मामी, आग कुठून आली ते कळलं," तो म्हणाला. त्यानं काटकीनं मातीत डोंगर काढला, ओढा काढला, वस्ती काढली. "वाळलेलं गवत डोंगरापासून थेट तुमच्या भिंतीपर्यंत होतं. आगीला चालत यायला वाटच होती. ती वाट तोडायची. इथं हा मोठा खडक आहे आणि तिथं तळं. या दोहोंच्या मधे तीस फूट रुंद पट्टा उघडा करायचा. गवताची काडी नको, झुडूप नको, नुसती माती. जळायला काही नसेल तर आग थांबते."

"खडकापासून तळ्यापर्यंत? जावईबापू, ते अंतर केवढं आहे!"

"अर्धा मैल भरेल."

तिनं डोळे बारीक करून अंतर न्याहाळलं. "सरी, ठीक आहे," ती म्हणाली. "स्वल्प स्वल्प करू, थोडं थोडं."

पावसाळ्याआधी घरं उभी राहिली. या वेळी छपरावर गवत घालायचं नाही असं ठरलं. बोम्मसंद्र्याच्या कुंभारानं रागीच्या बदल्यात कौलं भाजून दिली. बारसं मराठपाळ्यातच झालं, नव्या भिंतींचा ओला वास येत असताना. नातीचं नाव कल्पना ठेवलं. पाळणा विठोजीनं बांबूचा विणला.

पट्ट्याचं काम मात्र जिवावर आलं. पावसात काढलेलं गवत पंधरा दिवसांत पुन्हा उगवे. घाणेरीची मुळं कुदळीला दाद देत नसत. दिवाळीनंतर लोक कंटाळले. पण सोयराबाई रोज सकाळी भाकरी बांधून घेऊन निघे आणि एकटीच खणायला लागे. तिला एकटीला खणताना बघून घरात बसून राहणं कुणालाच जमत नसे. संक्रांतीला शेवटचा तुकडा उघडा झाला. खडकावर उभं राहिलं की लाल मातीची रेघ तळ्यापर्यंत गेलेली दिसे.

मार्चमध्ये धूर दिसला. भर दुपार होती. सोयराबाई सूप घेऊन अंगणात बसली होती, शेजारी रांगती कल्पना. भाग्यलक्ष्मी तिला घेऊन चार दिवस माहेरी आली होती. डोंगराच्या माथ्यावर आधी नुसता धुरकट पुंजका, मग त्याखाली तांबडी कड. आणि वारा वस्तीकडंच होता.

तिनं पितळी परात उचलली आणि पळीनं बडवायला सुरुवात केली.

"भागू, पोरांना घेऊन तळ्यावर जा! बाकीचे पट्ट्यावर चला! गोणपाट भिजवून घ्या, करंजाच्या फांद्या तोडा!"

साती घरची माणसं पट्ट्यावर ओळीनं उभी राहिली. आग डोंगर उतरत आली तशी बांबूची बेटं फटाफट फुटायला लागली. ससे, घोरपडी, मुंगसं माणसांच्या पायांमधून पळत सुटली. चेहऱ्यांना झळ लागत होती. खंडोजीअण्णा ओरडले, "मागं सरू नका!" आणि ज्वाळा पट्ट्याच्या पलीकडच्या काठाशी येऊन भिडल्या, वर उठल्या, वाकल्या. पुढं जळायला काही नव्हतं. खडकाच्या बाजूनं आग एकेक पाऊल खाली बसत गेली.

पण ओढ्यापाशी वाऱ्यानं एक पेटलेली बांबूची फोक उचलून अलीकडं टाकली. तिथलं गवत भडकलं. सोयराबाई सगळ्यांत जवळ होती. ती ओल्या गोणपाटासह त्यावर तुटून पडली. "घे!" ती प्रत्येक फटक्याला म्हणत होती. "घे! माझं घर नेलंस! आता मी इथं आहे! घे!" विठोजी धावला, अण्णा धावले, तिघांनी मिळून ती आग मातीत मिळवली. काही ठिणग्या उडत जाऊन कौलांवर पडल्या आणि तिथंच काळ्या झाल्या.

चार वाजेपर्यंत पट्ट्यापलीकडं नुसता धूर राहिला होता. मराठपाळ्याची साती घरं जागच्या जागी उभी होती. पहिल्यांदा कोण हसलं ते कुणाला कळलं नाही. पण मग सगळेच हसत सुटले, एकमेकांची काळी तोंडं बघून, पोटं धरून. अण्णांनी डोक्याचा फेटा काढून हवेत फेकला.

बायको-पोरीला न्यायला निघालेला उपेंद्र लांबून धूर बघून जिवाच्या आकांतानं सायकल हाणत आला. घामानं निथळत, सायकल तशीच आडवी टाकून त्यानं विचारलं, "कल्पना? भागू?"

"तळ्यावर आहेत, पाण्यात खेळताहेत," सोयराबाई म्हणाली. तिच्या पदराचं टोक जळालं होतं, हातावर फोड आले होते. "बसा. पाणी प्या. तुमचा पट्टा चांगला झालाय."

तो पट्ट्याच्या काठावर गेला. पलीकडं सगळं काळं, अलीकडं सगळं जसंच्या तसं. त्यानं मागं वळून सासूला वाकून नमस्कार केला, तोही सगळ्यांदेखत, आणि साताऱ्याच्या त्या मितभाषी माणसाचे डोळे भरून आले.

आठ दिवसांनी डोंगरापलीकडच्या दोन गावांतले लोक आले. त्यांच्या कडब्याच्या गंज्या जळाल्या होत्या. मराठपाळ्यानं आग कशी अडवली ते त्यांना बघायचं होतं. जमलं तर अक्कांनी येऊन रेघ कुठून काढायची ते दाखवावं, अशी विनंती होती. खंडोजीअण्णांनी पाहुण्यांना गूळपाणी दिलं आणि ऐटीत सांगितलं, "अक्कांना विचारा. आमच्याकडं वणव्याचं खातं त्यांच्याकडं आहे."

सोयराबाईनं हातावरच्या फोडांना लावलेली पट्टी घट्ट केली, कोयता घेतला आणि विचारलं, "तुमच्याकडं वारा कुठल्या बाजूनं येतो? चला, आधी ते बघू." आणि पाहुणे उठायच्या आत ती चढाला लागलीसुद्धा.