इंजिनबाबा आणि लोडरची आंघोळ

खाणीतलं सगळं काम टाकून माणसं लोडरभोवती गोळा झाली होती. डंपरवाले डंपर सोडून आले, क्रशरवाले क्रशर बंद करून आले आणि वजनकाट्याची खिडकी लोटून मीही आलो, कारण काट्यावर यायला गाडीच उरली नव्हती. मधोमध तो आडदांड लोडर आणि त्याच्या बॉनेटवर तळहात टेकवून उभे असलेले इंजिनबाबा.

"याचा श्वास कोंडलाय," बाबा म्हणाले. "इंजिन बंद करा. सगळ्यांनी डोळे मिटा. जो उघडेल त्याच्या घरातला पंखा, मिक्सर, पाण्याची मोटार, सगळं जळून खाक होईल!"

माझा या प्रकारावर काडीचा विश्वास नव्हता. पण घरी नवाकोरा पंखा आणला होता, म्हणून मीही मिटले.

बराच वेळ पुटपुट चालली. मग बाबा गरजले, "ऊठ रे लोखंडा, श्वास घे!" चावी फिरली, इंजिन सुरू झालं आणि पॅनेलवरचा पिवळा दिवा गायब! माणसांनी टाळ्या पिटल्या. मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

लोडरचं दुखणं असं होतं. आठवड्याची सुट्टी संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी हा पिवळा दिवा लागायचा आणि इंजिनातला जोर निघून जायचा. रिकाम्या बकेटने चढ चढतानाही लोडरला धाप लागायची. मालक बाबांना बोलवायचे, बाबा दिवा विझवायचे. कधी तो थोड्या वेळाने परत लागायचा. त्याला बाबा 'हुंदका' म्हणायचे. संध्याकाळपर्यंत सगळं शांत व्हायचं आणि पुढच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच.

त्या दिवशी मात्र बाबांनी कारणही सांगून टाकलं. "दुखणं परत येतं, कारण वाईट नजर रोज तिथेच बसते." आणि त्यांनी सरळ ड्रायव्हरच्या सीटकडे बोट केलं.

सीटवर माझी वहिनी होती. प्रशिक्षण केंद्रात शिकून, परीक्षा देऊन ती लोडर चालवायला लागली होती. ती लोडर असा वळवायची, की डंपरवालेही बघत राहायचे.

मालक चाचरत म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. पण आता आणखी एकदा दिवा लागला, तर तुम्हाला लोडरवरून उतरावं लागेल."

घरी येऊन वहिनी भाजी चिरत बसली. चिरलेलीच पुन्हा चिरत होती. मला फार वाईट वाटलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "माझी नजर वाईट असती, तर तुमचा भाऊ एव्हाना आडवा झाला असता. रोज बघते मी त्यांच्याकडे!"

"मग त्या बाबाला तोंडावर सांगायचं ना!"

"तोंडाने भांडून काय होणार? मला दुखण्याचं कारण हवंय. आमच्या मास्तरांना बोलावते."

मास्तर म्हणजे प्रशिक्षण केंद्रात तिला वायरिंग शिकवणारे, आता निवृत्त झालेले सर. मास्तर तपासेपर्यंत वहिनीला उतरवायचं नाही, एवढं मालकांनी मान्य केलं. सुट्टी संपली, दिवा ठरल्याप्रमाणे लागला आणि मास्तर व बाबा एकाच वेळी फाटकातून आत शिरले. मास्तरांच्या गळ्यात विजेचा दाब मोजायचा मीटर लटकत होता. बाबांच्या मागे नेहमीसारखा त्यांचा शिष्य होता.

"तुमचं आधी चालू द्या," मास्तर बाबांना म्हणाले. "मी नुसता बघतो."

"बघायचं नाही! डोळे मिटायचे!"

"डोळे मिटले की मला झोप लागते. वर्गातसुद्धा तसंच व्हायचं."

आणि ते लोडरच्या मागच्या शिडीजवळ एका झाकणाला पाठ टेकून निवांत उभे राहिले. शिष्य दोनदा त्यांच्याजवळ येऊन घुटमळला. बाबांची पुटपुट लांबत गेली, कपाळावर घाम आला. शेवटी एकदाचे ते गरजले. वहिनीने चावी फिरवली. दिवा ठणठणीत जळत होता.

"नास्तिकाची सावली पडलीय!" बाबा ओरडले.

"सावली नाही, पाठ पडलीय." मास्तर बाजूला झाले आणि त्यांनी झाकण उघडलं. "हा बॅटरीचा मुख्य स्विच. तुम्ही डोळे मिटले की या शिष्याने तो बंद करायचा, पुटपुट संपता संपता चालू करायचा. आता मी करतो. सगळ्यांनी डोळे टक्क उघडे ठेवा."

इंजिन बंद करून त्यांनी स्विच फिरवला आणि गंभीर आवाजात सतराचा पाढा सुरू केला. माणसं खुसखुसू लागली. पाढा संपला, स्विच चालू झाला, चावी फिरली आणि दिवा गायब! एकच हशा उसळला.

"ऊठ रे लोखंडा, सतरा दाहे सत्तरासे!" क्रशरवाला ओरडला.

"सत्तरासे म्हणजे एकशेसत्तर, पाढा बरोबर," मास्तर म्हणाले. "आता नीट ऐका. धूर कमी राहावा म्हणून धुराच्या नळीवर सेन्सर बसवलेले असतात. त्यांची खबर आली नाही, की यंत्रातला संगणक दिवा लावतो आणि इंजिनाचा जोर कमी करतो. वीज तोडून जोडली की तो तपासणी पहिल्यापासून सुरू करतो. तेवढा वेळ दिवा विझतो. दोष जिथल्या तिथे."

तेवढ्यात दिवा परत लागला. "हा घ्या हुंदका," मास्तर म्हणाले.

"पण सेन्सर तर आम्ही नवा बसवला होता!" मालक कळवळले.

"खबर येत नाही, एवढंच यंत्र सांगतं. खबर देणारा मुका आहे की वाटच अडलीय, ते आपण शोधायचं."

मास्तरांनी मीटर लावला. वायरीवर बोट ठेवत वहिनी पुढे, ते मागे. सेन्सरच्या जोडणीपर्यंत वीज नीट पोचत होती. जोडणीच्या पलीकडे ती लंगडत होती. वहिनीने ती जोडणी सोडवली. आतून पाणी टपकलं. पिना हिरव्या पडल्या होत्या आणि पाणी अडवणारी रबरी रिंग तिथे नव्हतीच. नवा सेन्सर बसवताना ती कुठेतरी पडली होती.

"आजारी पडायच्या आदल्या दिवशी याला काय करता?" मास्तरांनी विचारलं.

मालकांची छाती फुगली. "आंघोळ! सुट्टीच्या दिवशी मी स्वतः घालतो, दाबाच्या फवाऱ्याने. जीव आहे माझा त्याच्यावर. बाबांनी श्वास कोंडलाय म्हटल्यापासून तर त्याच्या नाकापाशी, म्हणजे या धुराच्या नळीपाशी, जास्तच…"

ते मधेच थांबले. त्यांची नजर त्या हिरव्या पिनांवर गेली.

"फवाऱ्याने पाणी आत, इंजिनाच्या उष्णतेने संध्याकाळपर्यंत ते बाहेर," मास्तर म्हणाले. "बाबांची कृपा म्हणतात ती हीच."

वहिनीने पिना साफ केल्या, कोरड्या केल्या, नवी रिंग बसवली. मास्तरांनी मालकांच्या हातात फवारा दिला. "आता मारा, नाकापाशीच." मालकांनी मारला. दिवा लागला नाही. रिंग काढून पुन्हा मारला, लागला. पुसून, रिंग घालून पाहिलं, विझला. सगळं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

बाबा फाटकाकडे सटकत होते. मागून कुणीतरी विचारलं, "बाबा, डोळे मिटू का?"

मालक वहिनीसमोर मान खाली घालून उभे राहिले. "वहिनी, चुकलं माझं. तुमची नजर नव्हती, माझा फवारा होता."

"फवाऱ्याचा मला राग नाही," वहिनी म्हणाली. "न तपासता माझ्याकडे बोट केलंत, त्याचा आहे. पुन्हा कुणाच्याही बाबतीत असं करू नका."

मालकांनी कबूल केलं. ती लोडरवर चढली, बकेट काठोकाठ भरली आणि एका दमात चढ चढून गेली.

वाचकहो, यंत्र बिघडो नाहीतर माणूस आजारी पडो, कारण असतंच आणि शोधलं की सापडतं. शोधायला थोडा वेळ लागतो, प्रश्न विचारावे लागतात. ते टाळलं, की दोष कुणाच्या तरी माथी मारला जातो. त्या दिवशी ती माझी वहिनी होती. उद्या तुमच्या घरातलं कुणी असेल.