अडलेला गट्टीमेळ

शिवक्कोळुंदू नवरीच्या इतक्या जवळ बसला होता की तिच्या वेणीतल्या मोगऱ्याचा वास त्याला येत होता. मांडीवर तविल हा ढोल, उजव्या हाताच्या बोटांवर टोपणं, डाव्या हातात काठी. शेजारी त्याचे दाजी अंबलवाणन सनईसारखं लांब नादस्वरम वाजवत होते. भटजींनी ताली, म्हणजे मंगळसूत्र, नवऱ्यामुलाच्या हातात दिली.

ताली बांधताना गट्टीमेळ करायचा, म्हणजे दोन्ही वाद्यं जीव खाऊन वाजवायची. कुणाची शिंक, कुणाचा हुंदका, एखादा अशुभ शब्द वधूवरांच्या कानी पडू नये, म्हणून. त्याचे आजे-पणजे हेच करत आले होते.

तेवढ्यात नवरी, पूंगुळली, आईकडे वळून हळूच म्हणाली, "अम्मा, मला नको हे. सांग ना त्यांना."

आईनं मान खाली घातली. बापानं, दैवसिगामणींनी, बोट उंचावून हलवलं. "गट्टीमेळ, गट्टीमेळ."

नादस्वरम उसळलं. शिवक्कोळुंदूचा हात वर गेला आणि तिथंच राहिला. दाजींनी डोळे वटारले; मग त्यांचाही सूर तुटला. त्या शांततेत पोरगी पुन्हा म्हणाली, "मला नको," आणि ते पार मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

नवऱ्यामुलाचा चेहरा उतरला. त्यानं ताली ताटात ठेवली. "जबरदस्तीनं नाही बांधायची मला," म्हणाला आणि उठला.

दैवसिगामणी शिवक्कोळुंदूपाशी आले. आवाज न चढवता म्हणाले, "तुला वाजवायला बोलावलं होतं. ऐकायला नव्हे."

पुढच्या लग्नसराईत त्याला कुणी बोलावलं नाही. दाजी दुसऱ्या गावचा तविलवाला घेऊन जाऊ लागले. पूंगुळलीला कोइमतूरला आत्याकडे धाडलं होतं. कुणी म्हणे शिकतेय, कुणी म्हणे खोलीबाहेर पडू देत नाहीत. शिवक्कोळुंदूला जेवण जाईना.

"तू तिचं भलं केलंस की वाटोळं?" बायकोनं एकदा विचारलं. टोमणा नव्हता तो. तिलाही खरंच कळत नव्हतं.

देवळातली सेवा मात्र सुटली नव्हती. संध्याकाळच्या पूजेला तो आणि दाजी शेजारी उभे राहून वाजवत, एकमेकांशी न बोलता. एके दिवशी पूजा आटोपल्यावर दाजींनी नादस्वरमची पाती पुसता पुसता विचारलं,

"पहिल्यांदा ती हळू बोलली, तेव्हाच ऐकलंस?"

"हो."

"मीही ऐकलं होतं."

"मग दाजी, तुम्ही का नाही थांबलात?"

"बोट वर झालं की वाजवायचं, एवढंच शिकलो मी." त्यांनी वाद्य गवसणीत घातलं. "उद्याही कुणी बोट वर केलं तर वाजवीन बहुतेक. तुझ्या बहिणीला यातलं काही सांगू नकोस."

ते चपला घालून निघून गेले. शिवक्कोळुंदूनं तविल खांद्याला अडकवला. कोइमतूरचा पत्ता कुणाकडे मागावा, आणि मिळालाच तर त्या दारात कुठल्या तोंडानं उभं राहावं, हे त्याला घरी पोचेपर्यंत सुचलं नाही.