दोन खुणांमधले सेकंद

मित्रांनो, मी काचेची एक जुनी नळी आहे, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकलेली. माझ्या एका बाजूला फुगा आहे आणि त्याच्या वर-खाली दोन खुणा. वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत यायला द्रव किती सेकंद घेतो, त्यावरून तो किती घट्ट ते कळतं. साधं पाणी शंभर सेकंदांत उतरतं. आयुष्यात मी एकदाही खोटं सांगितलं नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे.

१९७४ साली सांगलीच्या एका कॉलेजात मी गुणमालाच्या हाती आले. ती जैन शेतकऱ्याची मुलगी, एम.एस्सी.ला होती. घरच्या रिवाजाप्रमाणे ती पाणी फडक्यातून गाळल्याशिवाय वापरत नसे, प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणीसुद्धा. त्या पाण्यात तिने एक पूड विरघळवली. त्या पुडीचे रेणू लांबलचक साखळीसारखे असतात. त्या द्रावणाला १३० सेकंद लागले. नुसत्या साबणाच्या पाण्याला १०२. पण दोन्ही एकत्र केली, तेव्हा तब्बल १९० लागले.

तिचे मार्गदर्शक निकम सर यांनी वहीतला तो आकडा खोडला. म्हणाले, "फडक्याची खळ उतरली असेल, नाहीतर नळी मळकी असेल. हे प्रबंधात घालू नकोस."

मळकी म्हटलेलं मला फार लागलं. गुणमालाचं तर वर्षभराचं काम त्या आकड्यावर उभं होतं. ती डोळे पुसत बसली.

प्रयोगशाळेचे शिपाई कोंडीबा जवळ आले. "आवं ताई, रडताय कशापायी? आदी गाळलेलं पानीच मोजा की. खळ आसंल तर नळीच सांगंल."

तिने मला ॲसिडने लख्ख धुतलं. न गाळलेलं पाणी, शंभर सेकंद. गाळलेलं, तेही शंभर. मग तिने सरांना बोलावून घड्याळ त्यांच्याच हातात दिलं.

"सर, आता मिश्रण तुम्ही मोजा."

सरांनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा १९०.

"साबणाचे कण साखळीला झुबक्यांनी चिकटत असणार," ते सावकाश म्हणाले. "झुबके एकमेकांना दूर ढकलतात, साखळी पसरते, द्रावण घट्ट होतं. तुझं बरोबर होतं, गुणमाला. चूक माझी." आणि खोडलेला आकडा त्यांनी स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिला.

आता माझी कड फुटली आहे. कपाटात मी गुणमालाच्या त्याच फडक्यात गुंडाळून पडून असते, कोंडीबांनीच ठेवलंय तसं. मित्रांनो, काचेची वस्तू हळू धरा, धुऊन ठेवा. आणि कुणाचा आकडा खोडण्याआधी एकदा घड्याळ स्वतःच्या हातात घ्या.