आधी लेन्स, मग पावणं

डोळ्यात काच घालणारी पोरगी कोण करून घेणार, असं म्हणत धोंडुबाई आत्यानं सकाळीच माझ्या लेन्सची डबी कपाटात घालून कुलूप लावलं. पावणं गेल्यावर देते म्हणाली. मुरगूडच्या आमच्या घरात तिचा शब्द कुणी मोडत नाही. माझ्या वडलांनी, आबांनीही मान खाली घातली.

म्हणे काच! माझ्या दोन्ही डोळ्यांची बुबुळं पातळ होऊन शंकूसारखी पुढं आली आहेत. चष्म्याला ती दाद देत नाहीत. एका दिव्याचे पाच दिवे दिसतात, आणि माणसाच्या चेहऱ्याची नुसती लापशी. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या डॉक्टर मॅडमनी चार खेपा घालायला लावल्या, डोळ्याच्या चढउताराचं माप घेतलं आणि खास त्या मापाच्या लेन्स बनवून घेतल्या. त्या घातल्या त्या दिवशी दवाखान्यासमोरच्या रिक्षाचा नंबर मी मोठ्यानं वाचला, तर आबा रस्त्यातच रडले. तेच आबा आज गप्प. मला आत्यापेक्षा त्यांचाच जास्त राग आला.

पावणे आले. मी पोह्यांच्या बशा दिल्या आणि एकेकाच्या पाया पडायला लागले. समोर पांढऱ्या शर्टांचे नुसते ढग. दाराजवळच्या ढगाच्या पायाला हात लावला, तर तो ताडकन उठला. "अवो ताई, मी गाडीचा ड्रायव्हर हाय."

सगळी बैठक हसली. मग मुलाच्या आईनं मला चालून दाखवायला सांगितलं. पायात काही खोट आहे का, ते बघायला. मी चालले. वाटेतला तांब्या लवंडला. पुन्हा हशा.

आता बास झालं. मी आत गेले, आत्याच्या कमरेची किल्ली ओढून घेतली आणि कपाट उघडलं. हात धुतले, डबी आणि आरसा घेऊन बाहेर आले आणि बैठकीतच मांडी घातली. आत्या दारातून डोळे वटारत असणार, पण मला कुठं दिसत होतं! डबीतल्या रबरी कपावर वाटीसारखी लेन्स ठेवून तिच्यात सलाईनचं पाणी काठोकाठ भरलं आणि मान खाली घालून डोळ्याला लावली. आत हवेचा एक बुडबुडा राहिला, त्यानं धूसर दिसतं, म्हणून काढून पुन्हा भरली. घाई कुणासाठी करायची? मग दुसरा डोळा.

हे काय चाललंय, असं मुलाच्या आईनं विचारलं. डोळ्यात धूळ गेली असेल, म्हणून आत्या सारवासारव करायला लागली.

"धूळ न्हाय," आबा मधेच म्हणाले. "डोळ्याचा आजार हाय तिला. आमी लपवत हुतो. चुकलं आमचं."

मी मान वर केली. एकेक चेहरा आपापल्या जागी आला. मुलगा, पृथ्वीराज, आईशेजारी बसून बशीतले शेंगदाणे निवडत होता.

"आता मला समदं लख्ख दिसतंय," मी म्हणाले. "तुमचं बघून झालं न्हवं? आता मी बघते. पृथ्वीराज, उठा की. जरा चालून दाखवा."

या वेळी हसले ते एकटे आबा.