सुरूरने वाचलेला कागद

रावजी खोताची कापून रचलेल्या भाताची उडवी तिन्हीसांजेला पेटली आणि एक काळा माणूस पळताना दिसला, एवढंच खोताच्या गड्याने सांगितलं. तुडील गावात उन्हातान्हात राबून काळा न पडलेला माणूस शोधून दाखवावा! पण काळा माणूस म्हटलं की साऱ्यांच्या माना नदीकाठच्या एकाच झोपडीकडे वळत. तिथे सिद्दी सुरूर आणि त्याचा वीस वर्षांचा मुलगा मसूद राहत. सुरूरचा आजा जंजिऱ्याहून मालाच्या पडावावर खलाशी म्हणून आला आणि इथलाच झाला. तीन पिढ्या सावित्रीचं पाणी पिऊनही गावाला ते हबशीच.

सुरूरला तुरुंगातून सुटून चारच महिने झाले होते. सात वर्षांपूर्वी असाच एक काळा माणूस कुणाला तरी दिसला होता, आणि सुरूरने वाचता न येणाऱ्या कागदावर अंगठा उठवला होता. त्याच्या शेजारी पंच म्हणून बंदरावर पोती उचलणाऱ्या गोमाजीचा अंगठा होता. गोमाजी काही वाईट माणूस नव्हे. साहेब लाव म्हणाले, त्याने लावला. सुरूर आत असताना त्याची बायको तापाने गेली आणि मसूद बंदरावर पोती उचलत वाढला.

तुरुंगात पहिली दोन वर्षं कुणी हबशी म्हटलं की सुरूर अंगावर धावून जाई आणि अंधारकोठडी भोगी. मग मिठाच्या सत्याग्रहात पकडलेले एक मास्तर त्याच्या बराकीत आले. त्यांनी त्याला फरशीवर कोळशाने अक्षरं काढायला शिकवली. 'हबशी बालिस्टर होणार!' म्हणून कैदी खिदळत. सुरूर राग गिळून हातातली ओळ पुरी करी. सुटून येताना त्याने मुलासाठी आणली ती एवढीच विद्या, आणि मसूदला तिचा केवढा अभिमान! भेटेल त्याला सांगे, माझा बाबा वाचतो.

उडवी जळल्याच्या दुसऱ्या दिवशी महाडहून फौजदार आले. मसूदला दोरी लावून चावडीच्या पायरीशी बसवलं. कारकुनाने झरझर पंचनामा लिहिला. पंच पुन्हा गोमाजीच, आणि त्याच्या अंगठ्याला शाईही लागली होती. तेवढ्यात सुरूर पुढे झाला.

"साहेब, अंगठ्याच्या आधी मी वाचतो."

फौजदारांना हसू आलं. "वाच की! आम्हीही ऐकतो."

कागद हातात आला आणि सुरूरने तो उजेडाकडे धरला. मास्तरांनी शिकवलेली अक्षरं पुस्तकातली, बालबोध. इथे कारकुनाने मोडी ओढली होती. सगळी ओळ एकात एक गुंतलेली, सुटं असं अक्षरच नाही. इतकी वर्षं फरशीवर अक्षरं गिरवली आणि आज पोराच्या गळ्याशी आल्यावर एक अक्षर लागेना! मसूद त्याच्याकडे आशेने बघत होता.

"वाच ना, बाबा."

सुरूरने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मसूदने सांगितलेलं सारं कोर्टात ऐकलेल्या भाषेत बसवून तो मोठ्याने म्हणू लागला, "सदर इसम मसूद सुरूर, राहणार तुडील. उडवी पेटली त्या सांजेला दासगाव बंदरावर पडावात पोती भरीत होता. सोबत पंच गोमाजी होता. दिवेलागणीनंतर दोघे मिळून गावात आले."

"खोटं!" कारकून उसळला. "असं कुठं लिहिलंय?"

"मग काय लिवलंय? तुमीच वाचा. चारचौघांना ऐकू दे."

कारकुनाने कागद हिसकावून तावातावाने वाचला. गोमाजीच्या समक्ष मसूदच्या झोपडीची झडती घेतली, घासलेटाची बाटली सापडली... वाचता वाचता त्याचा आवाज खाली आला. पण चावडीने ऐकायचं ते ऐकलं होतं.

गोमाजी आपल्या काळ्या अंगठ्याकडे बघत राहिला. "मी कवा गेलो यांच्या घरी? साहेब, ह्यो माझ्याबरुबर बंदरावर व्हता. मला कुनी इचारलंच नाय. मी अंगठा देनार नाय." आणि त्याने अंगठा धोतराला खसाखसा पुसला.

फौजदारांचं हसू मावळलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "बरं. पोराला सोडा. पण काळा माणूस दिसला, तो दिसलाच." त्यांनी सुरूरकडे पाहिलं. "त्या सांजेला तू कुठं होतास रे?"

"घरी."

"सोबत कोण?"

पुढे झाला तेव्हाच सुरूरला ही भीती वाटली होती. "कुनी नाय," तो म्हणाला. मसूदच्या हातांची दोरी सुटली आणि सुरूरच्या हातांना बसली.

महाडच्या वाटेवर मसूद शिपायांच्या मागे धावत आला. "बाबा, तू भिऊ नको! तुझा कागद आला की असाच वाच. सगळं खोटं उघडं पडंल."

सुरूर थांबला. शिपायाने दोरीला हिसका दिला, तरी तो थांबला.

"मसूद, मला त्यातलं एक अक्षर लागलं नाय. ती मोडी व्हती, मला येत नाय. तू शिक रे." शिपायाने पुन्हा दोरी ओढली. "लवकर शिक."