दोन्हीवर चालणारी गाडी

मनकर्णानं रेग्युलेटर काढला, सिलिंडर तिरका धरला आणि गोल गोल फिरवत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आणला. तो इतक्या सहज आला, की तिचा हात क्षणभर थबकला. ओट्यावर चहाचं आधण कोमट होऊन तसंच राहिलं होतं. मघाशी ज्योत दोनदा फुरफुरली होती आणि गेली होती.

बाहेर राधाकृष्ण गाडी पुसत होता. आधी साबणाच्या पाण्याचा हात, मग साध्या पाण्याचा, मग मऊ कातड्याचा. घरातल्या देवांनाही इतक्या मायेनं त्यानं कधी पुसलं नव्हतं, असं मनकर्णाच्या मनात आलं आणि लगेच तिनं गालांवर हलकेच चापट्या मारून घेतल्या.

गाडी जपानी होती. उंच, काळीभोर, पाठीवर पाचवं चाक मिरवणारी. पुण्याच्या एका बिल्डरनं वापरून विकायला काढली, तेव्हा राधाकृष्णानं ती घेतली. राहुरीत त्याचं खता-बियाण्यांचं दुकान चांगलं चालत होतं, पण दुकानदाराला लोक दुकानदारच म्हणतात. गाडी दारात उभी राहिल्यापासून त्याला लोक ‘शेठ’ म्हणू लागले. गाडीसाठी मागच्या पडवीला पत्रे ठोकून शेड झालं, आणि पडवीत रचलेलं सरपण उघड्यावर आलं. तेव्हापासून ते ओलंच असे.

गाडीचे लाड फार. आरसा फुटला तर आरसा मुंबईहून. हवा गार करणारं यंत्र रुसलं तर माणूस पुण्याहून. पेट्रोलचा काटा गाडी आली तेव्हापासूनच निम्म्यावर अडकलेला, तो काही केल्या हलत नव्हता. आणि पेट्रोल तर ती तहानलेल्या म्हशीसारखी प्यायची. शेवटी राधाकृष्णानं नगरला कुणाला तरी गाठून गाडीला चोरून गॅसची जोडणी करून घेतली. स्टिअरिंगपाशी एक बटण आलं. गाडी सुरू व्हायची पेट्रोलवर. बटण दाबलं की गॅसवर. येईल त्याला तो दार उघडून ते बटण दाखवायचा.

“दोन्हीवर चालती! अशी गाडी तालुक्यात दुसरी न्हाई.”

गॅस मात्र मनकर्णाच्या शेगडीचा. कित्येक वर्षं नंबर लावून मिळालेला. दोन सिलिंडर होते. एक सदा एजन्सीत भरायला गेलेला, आणि दुसरा दिवसा गाडीच्या डिकीत, गोधडीखाली झाकलेला. संध्याकाळी राधाकृष्ण घरी आला की तो आत यायचा. कधी यायचा, कधी यायचाही नाही. मग मनकर्णा मागच्या दारी चूल पेटवायची. ओल्या लाकडाचा धूर डोळ्यांत जाऊन जाऊन बुबुळांवर साय धरल्यासारखं झालं होतं. पोथी वाचताना ओळी एकमेकींत मिसळायच्या. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, धूर बंद करा आणि नगरला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. ते ठरलेल्या वारीच पुण्याहून येतात.

तो वार आज होता.

काल राधाकृष्ण स्वतःहून म्हणाला होता, “काकासाहेबांच्या आईचं मोतीबिंदूचं आपरेशन हाय. आपल्या गाडीतनं नेतोय. तूबी चल. दोघींचं एकदमच हुईल.”

काकासाहेब म्हणजे कारखान्याचे संचालक. बाजार समितीला कुणाला उभं करायचं, हे त्यांच्या शब्दावर ठरायचं. राधाकृष्णाला उभं राहायचं होतं. म्हणून काल संध्याकाळी काकासाहेबांच्या सगळ्या गोतावळ्याला घरी पुरणपोळ्या झाल्या. तवा खाली उतरलाच नाही. मनकर्णा थकली नव्हती. उद्या आपण डोळे दाखवणार, या एका विचारावर तिनं पोळ्यांची चवड रचली होती.

तिनं तुळशीला पाणी घातलं, जप पुरा केला, आणि डाळिंबी काठाचं लुगडं नेसून पिशवी भरली. गॅसचं आता सांगून टाकायला हवं होतं. कसं सांगायचं, तेवढंच मनात घोळत होतं.

तिच्या माहेरी ‘संपलं’ हा शब्द घरात उच्चारत नसत. कुंकू वाढलं, मीठ वाढलं, तेल वाढलं. नाही म्हणायचंच नाही; भरभरून परत येवो, असंच बोलायचं. पहिला सिलिंडर रिकामा झाला तेव्हा तिनं दुकानात जाऊन सांगितलं होतं, “अहो, गॅस वाढलाय.” गिऱ्हाइकांसमोर राधाकृष्ण खो खो हसला होता.

“गॅस म्हंजे काय कुंकू हाय का गं? सरळ संपला म्हन की. ही गावंढळ भाषा सोड आता, शेठानी झालीस.”

तिनं सोडली. निदान गॅसपुरती सोडली. कुंकवाच्या करंड्याशी ती अजून जुनंच बोलायची.

दारात जीप थांबली. काकासाहेब उतरले, मागोमाग त्यांची दोन माणसं, आणि त्यांच्या आधारानं छबूबाई. म्हातारीचा एक डोळा कधीचाच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. मनकर्णानं पुढं होऊन तिचा हात धरला, पाय कुठं ठेवायचा ते दाखवलं, आणि मागच्या खिडकीपाशी तिला नीट बसवलं.

“कोन गं तू?”

“मी मनकर्णा, मावशी. ह्या घरची.”

“हात गार हाय तुझा. देवाचं करून आलीस व्हय?”

मनकर्णा हसली आणि पिशवी आणायला आत वळली. ती परत आली तोवर काकासाहेब पुढं बसले होते आणि दोन्ही माणसं मागं, छबूबाईच्या शेजारी. जागा होती; सरकून बसलं असतं तर एक बाई सहज मावली असती.

राधाकृष्णानं तिच्या हातातल्या पिशवीकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली.

“दाटी हुती गं. जास्ती मान्सं बसली की गार हवा लागत न्हाई मागं. मावशींना तरास नको.”

“वहिनी आल्या असत्या की,” काकासाहेब समोर बघत म्हणाले.

“तिचं काय, घरचंच मानूस. पुढल्या खेपंला.” मग तो हसून पुढं म्हणाला, “काकासाहेब, आमच्या हिनं चातुर्मासाचा नेम काय धरलाय म्हाईत हाय का? खोटं बोलायचं न्हाई! चार म्हैने सगळं खरं. म्हंजे बाकीचं आठ म्हैने आमी काय ऐकत हुतो, ते देवालाच ठाव.”

गाडीतून मोठं हसू उठलं. मनकर्णानं पिशवी पदराखाली घेतली.

राधाकृष्ण इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत होता, म्हणून त्यानं मागच्या दोघा माणसांना खाली उतरवून सिलिंडर उचलायला लावला. दोघांच्या घरी गोबरगॅस. सिलिंडर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हाती धरला होता.

“आयला, नुसतं लोखंडच हाय की हे!” एकजण म्हणाला, आणि दोघांनी मिळून तो डिकीत आडवा केला. राधाकृष्णानं बोटांच्या टोकांनी नळी जोडली, वर गोधडी टाकली, हात रुमालाला पुसले. गाडी सुरू झाली. काचा खाली होत्या.

“अगं, हाय ना गॅस? नगरपतोर पुरंल?”

मनकर्णा पायरीवर उभी होती. शब्द तिच्या ओठांवर आला होता, तोच, त्यानं शिकवलेला. तिनं तो गिळला.

“वाढलाय,” ती म्हणाली.

राधाकृष्ण क्षणभर थांबला. मग त्याचा चेहरा खुलला.

“ऐकलं का काकासाहेब? काल इतक्या पोळ्या झाल्या, तरी वाढलाय म्हनती! हिच्या उपासतापासाचं फळ हाय सगळं.”

पुन्हा हसू. फक्त छबूबाईनं मान तिच्याकडं वळवली. काचा वर चढल्या आणि गाडी फाट्याकडं निघून गेली.

मनकर्णानं लुगडं बदललं. देवापुढं बसली. आपण काही खोटं बोललो नाही, हे तिनं देवाला दोन-तीनदा सांगितलं. देव ऐकत असल्यासारखे होते, पण तिलाच ते पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटत होतं.

दुपार झाली. भाद्रपदातलं ऊन मी म्हणत होतं. चूल पेटत नव्हती म्हणून ती राखेत फुंकर घालत होती, तेव्हा दारात कांद्याचा टेम्पो थांबला. काकासाहेबांच्या एका माणसानं छबूबाईला पुढच्या सीटवरून उतरवलं, मागच्या दाराच्या सावलीत आणून टेकवलं, आणि गावाकडं जीप मागवायला तो फोन शोधत गेला.

म्हातारीचं तोंड उन्हानं काळवंडलं होतं. नऊवारीला कांद्याची टरफलं चिकटली होती. मनकर्णानं तिला पाणी दिलं. तिनं तांब्या उंच धरून ते घटाघटा प्यायलं.

“आपरेशन झालं का?” मनकर्णानं विचारलं. उत्तर समोर दिसत असूनही विचारलं.

“कशाचं आलंय. घाटात बंद पडली की गाडी तुमची.” छबूबाईनं तोंड पुसलं. “तुझा मालक सारखा ते बटान दाबायचा. दाबलं की गाडी आचके द्यायची. मग परत उलटं दाबायचा. काकासाहेब म्हनला, वाटंत पंप हाय, पेट्रोल घ्या. तर म्हनला, काटा निम्म्यावर हाय, आन आपली दोन्हीवर चालती. विळदचा घाट चढता चढता दोन्ही सरलं.”

“मग?”

“मग काय. तासभर पान्याचा टिपूस न्हाई, झाड न्हाई. मागनं सूर्यभान आला त्याच्या मोडक्या जीपमधी.”

सूर्यभान हे नाव मनकर्णाला ठाऊक होतं. बाजार समितीला त्यालाही उभं राहायचं होतं.

“त्यानं काकासाहेबाला बशिवलं. नगरला मिटिंग हुती म्हनं. जीपमधी बी-बियान्याची पोती, जागा एकाचीच. काकासाहेब मला म्हनला, आये, डाक्टर कुठं पळून जातोय. अन् टेम्पोला हात केला.” छबूबाई हसली, त्या हसण्यात दात नव्हते आणि राग पण नव्हता. “डाक्टर काय बसतोय व्हय तिथं? गेला आसंल पुन्याला. आन त्योच म्हनला हुता, ह्यो डोळा आता थांबायचा न्हाई.”

“आणि आमचे हे?”

“टपावर हात ठिवून हुबा हाय. मुंबईचा मानूस आनावा लागंल म्हनतोय.”

मनकर्णा चुलीपाशी बसली. हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिनं लाकूड उलटं केलं. धूर वळला आणि दोघींच्या मध्ये उभा राहिला.

“तू वाढलाय म्हनलीस,” छबूबाई धुरापलीकडून म्हणाली. “मला कळलं हुतं. आमच्याकडं आजून तसंच म्हनत्यात.”

मनकर्णाचा हात लाकडावरच राहिला.

“मग तुम्ही बोलला का नाही, मावशी?”

“बोलले की. दोन डाव बोलले. म्हनलं, अरं, ती बाई संपला म्हनती. तर काकासाहेब म्हनला, आये, तू गप बस, तुला गाडीतलं काय कळतंय.”

शेडमध्ये गाडीच्या जागेवर तेलाचा काळा डाग तेवढा होता, आणि एक कोंबडी त्याच्या कडेकडेनं चालली होती.

“पोरी, तुझा खरं बोलायचा नेम हाय म्हनं?”

“हो.”

“मग एक सांग. वाढलाय म्हनलीस तवा म्या आत बसल्याली तुला दिसले न्हवते का?”

मनकर्णानं वर पाहिलं. म्हातारीचा तो पिकलेला डोळा तिच्या आवाजाच्या दिशेनं लागला होता, वाट बघत. सकाळी धरलेला तो सुरकुतलेला हात, पाय कुठं ठेवायचा हे सांगताना खांद्यावर आलेला त्याचा भार, सगळं तिला आठवत होतं.

“नाही, मावशी,” ती म्हणाली. “काचेवर ऊन होतं. आणि माझे डोळे हे असे. दिसलं नाही.”

छबूबाईनं सुस्कारा सोडला, मोठं ओझं कुणी उतरून घ्यावं तसा.

“तरीच. म्या पन तेच म्हनलं. देवाधर्माची बाई, आसं करायची न्हाई.” ती चाचपडत पुढं सरकली, आणि मनकर्णाच्या गालावरून खडबडीत तळवा फिरवला. “लई वाईट गं ह्यो धूर. माझं बी ह्याच्यातच गेलं. आसं कर, पुढल्या बारीला डाक्टर यील तवा माझ्या जागी तू जा. काकासाहेबाला म्या सांगते. माझं काय, मला आता बघायचंय तरी काय? तुझं वय हाय.”

“नको, मावशी.”

“नको काय? डोळं नीट झालं तर आसली चूक हुनार न्हाई पुन्यांदा.”

मनकर्णानं फुंकणी उचलली आणि चुलीत वाकली. लाकूड केव्हाच पेटलं होतं, जाळ चुलीच्या तोंडापर्यंत आला होता. तरी ती फुंकतच राहिली.