एकशे सतरावं पान

अहो, जरा हलक्या हातानं उघडा. एकशे सतरावं पान सरसानं चिकटवलंय, तिरकं बसलंय ते. मी या कॉलेजच्या वाचनालयातली म्हातारी कादंबरी बोलतेय.

छापखान्यात एका मावशीनं मला शिवलं. सुईनं तिच्या बोटांची चाळण झालेली, पण शिवण अशी घट्ट की चाळीस वर्षं माझं एक पान हललं नाही.

माझ्या पोटात धर्माच्या नावानं कडक झालेल्या एका जुन्या गावाची गोष्ट आहे. एका बाईच्या हातून पाप झालं म्हणून गावानं तिला चारचौघांत उभं केलं, जन्मभर बोटं दाखवली. ज्याचा तिच्याइतकाच दोष, तो मात्र मानाच्या जागी बसून राहिला. तोंडातून चकार शब्द नाही!

वाचनालयात माझी ही एकच प्रत. घरी न्यायची नाही, माझ्या मागं चिकटवलेल्या चिठ्ठीवर नाव लिहून इथंच वाचायची. आणि दारापाशी एक काळा फळा: 'पुस्तक खराब करणारे'. त्यावर चढलेलं नाव वर्ष सरेपर्यंत पुसायचं नाही, हा ग्रंथपाल काकांचा नियम.

यंदा मला वर्गाच्या अभ्यासाला नेमलं. दोन मैत्रिणी एका बाकावर बसून मला वाचायच्या. एक वर्गात पहिली येणारी, दुसरी सुताराची लेक, अबोल. त्या दुपारी चिठ्ठीवर नाव लिहिलं सुताराच्या लेकीनं. ती पाणी प्यायला उठली, तेवढ्यात पहिलीनं इकडंतिकडं बघितलं आणि टर्रकन माझं एकशे सतरावं पान ओढलं! भाषणासाठी पाठ करायचं होतं तिला. माझ्या अंगावर काटा आला, पण ओरडू कशी?

संध्याकाळी काकांनी पानं मोजली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सुताराच्या लेकीचं नाव.

"काका, मी नाही हो फाडलं!"

"मग काय चिठ्ठी खोटं बोलते?"

प्रत एकच, म्हणून बाई तास इथंच घ्यायच्या आणि विचारायच्या, "गावानं त्या बाईशी केलं ते बरोबर केलं का गं?"

"नाही बाई!" सगळ्या पोरी कळवळून ओरडायच्या. आणि बाहेर पडताना, "ए, वह्या सांभाळा गं, पानफाडी आली!"

पहिली हसायची नाही. नुसती नखं कुरतडायची.

एक दिवस सुताराची लेक तिला म्हणाली, "बाबा शनिवारी माझा दाखला काढतायत. म्हणाले, नाव घालवायला पाठवलं नव्हतं तुला."

पहिलीचा हात माझ्यावर होता. बोल गं बाई, मी मनातल्या मनात म्हणत होते, आता तरी बोल! पण तिनं नुसतं पान उलटलं.

शुक्रवारी इथंच, वाचनालयात, तिचं भाषण. टेबलावर मी मिटलेली. पोरगी घडाघडा बोलत सुटली. तो गप्प बसलेला माणूस दाराच्या कडीकडं तीनदा हात नेतो आणि तीनदा मागं घेतो, ते सारं जसंच्या तसं.

"वा! कुठल्या पानावर आहे गं हे?" बाईंनी कौतुकानं मला उघडलं.

"एकशे सत..."

जीभ चावली तिनं. बाईंच्या हातात माझी फाटकी कड. 'गाईडमध्ये वाचलं' हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं.

मग तिनं दप्तरातून घडी केलेलं पान काढलं. "काका, तिचं नाव पुसा. माझं लिहा."

सुताराची लेक उठली. ना रडली, ना गळ्यात पडली. "फळ्याचं राहू दे. माझ्या घरी येऊन बाबांना सांग. आज. आत्ता."

"ते मारतील मला?"

"ऐकून घेतील. चल."

दाखला निघाला नाही. सोमवारी सुतारानं लेकीबरोबर डबीभर सरस पाठवला, आणि दोघींनी मिळून माझं पान चिकटवलं. दोघींनी दोन बाजूंनी ओढलं, म्हणून तिरकं.

काकांनी मात्र नियम सोडला नाही. एक नाव पुसून त्याच जागी दुसरं लिहिलं. पोरी आता पहिलीला 'पानफाडी' म्हणतात, आणि दारातून ती मान खाली घालून येते. सुताराची लेक रोज तिच्या शेजारी बसते, बोलते मात्र कमी. खडूचा आवाज आला की माझी शिवण अजून आवळते.

तेव्हा एवढंच ऐका माझं. मला जरूर वाचा, त्या बाईसाठी डोळेही पुसा. पण वाचताना त्या फळ्याकडं पाठ करून बसू नका.